अध्ययन अक्षमतेच्या क्षेत्रात शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाने सेवा कशी करावी : सातारा जिल्ह्यातील अनुभवावरून

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की आमच्या अध्यापक महाविद्यालयाकडे निमंत्रणाची पत्रे येऊ लागतात आणि ‘अध्ययन अक्षमता या विषयावर शिक्षकांना तासाभराचे मार्गदर्शन करावे’ ही ओळ त्यांत ठरलेली असते. (अध्ययन अक्षमता म्हणजे पुरेसे शिकवूनही वाचन, लेखन किंवा गणन यांत टिकून राहणारी अडचण.) आपण जातो, बोलतो, शाल-श्रीफळ स्वीकारतो, आभारप्रदर्शन होते. आणि त्या शाळेत वाचनाची पाळी आली की पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागणाऱ्या तिसरीतल्या मुलाच्या दिवसात दुसऱ्या दिवशी तिळमात्र फरक पडलेला नसतो. व्याख्यान वाईट असते असे नाही, पण व्याख्यान म्हणजे सेवा नव्हे. प्राध्यापकाच्या वार्षिक अहवालात ‘व्यावसायिक सेवा’ या मथळ्याखाली जे लिहिले जाते त्याचा मुलांपर्यंत पोहोचणारा भाग कसा वाढवावा, हे सांगण्यासाठी ही टिपणे लिहीत आहे. ती मुख्यतः सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बी.एड. आणि एम.एड. महाविद्यालयांत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आहेत.

प्रथम आपली जागा ओळखा

काम सुरू करण्याआधी आपल्याला काय करण्याचा अधिकार आहे आणि काय करण्याचा नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्दप्रयोग सॅम्युअल कर्क या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६३ मध्ये शिकागो येथील पालकांच्या परिषदेत रूढ केला. म्हणजे ही संज्ञा पहिल्यापासून शिक्षणाच्या अंगणातली आहे, केवळ वैद्यकाची नाही. आपल्याकडे मात्र १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात तिला स्थान नव्हते. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती, पण देशपातळीवर विशिष्ट अध्ययन अक्षमतेला कायद्याची मान्यता मिळाली ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे, ज्याने मान्य दिव्यांगतांची संख्या ७ वरून २१ वर नेली. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि त्यावर योग्य अध्यापनाचे उपाय करणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे, तर कलम १७ मध्ये परीक्षेतील ज्यादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. शिक्षक-प्रशिक्षण देताना ही दोन कलमे मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून मुख्याध्यापकांच्या हाती द्यावीत. ‘हे आमचे काम नाही’ हे वाक्य त्यानंतर फारसे ऐकू येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता मर्यादा. विशेष शिक्षक आणि पुनर्वसन क्षेत्रातील मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. सर्वसाधारण शिक्षणशास्त्रात पीएच.डी. केलेल्या प्राध्यापकाला, त्याने या विषयावर कितीही वाचले असले तरी, निदान करण्याचा किंवा प्रमाणपत्रासारखे काही लिहून देण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर ‘या विद्यार्थ्यास डिस्लेक्सिया (म्हणजे वाचनाची अक्षमता) आहे’ असे लिहून देणारी पत्रे मी पाहिली आहेत. ती देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण परीक्षा मंडळाकडे त्या पत्राला किंमत नव्हती आणि पालकांचे एक वर्ष वाया गेले. आपण शिक्षकाला निरीक्षण शिकवू शकतो, अध्यापनाची योजना आखू शकतो, पालकांना पुढचा रस्ता दाखवू शकतो, अभ्यासक्रम बदलू शकतो आणि संशोधनाची पारख करू शकतो. एवढे काम एका माणसाच्या नोकरीला पुरून उरते.

एकच केंद्र धरा

जिल्हाभर फिरण्यापेक्षा एक केंद्र निवडावे, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या अखत्यारीतल्या दहा-बारा शाळा, आणि तेथे किमान तीन वर्षे जात राहावे. सातारा जिल्ह्याचे ११ तालुके एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की कराडच्या बागायती गावात बसवलेली पद्धत पाटणच्या डोंगरावरील द्विशिक्षकी शाळेत जशीच्या तशी चालत नाही. महाविद्यालयापासून एसटीने तासाभरात पोहोचता येईल असे केंद्र निवडणे व्यवहाराचे ठरते, कारण दोनदा गाडी बदलावी लागणाऱ्या गावी आपण पहिल्या वर्षी उत्साहाने जातो आणि दुसऱ्या वर्षी कारणे शोधू लागतो.

परवानगीचा मार्ग सरळ आहे. प्राचार्यांच्या पत्रासह गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटावे, कामाचा लेखी आराखडा द्यावा, आणि त्याची एक प्रत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला (साताऱ्यासाठी ती फलटणला आहे) पाठवावी. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे. त्यांच्याकडे संपूर्ण तालुक्याची जबाबदारी असते, प्रवासातच त्यांचा दिवस जातो, आणि विद्यापीठातून आलेला प्राध्यापक आपल्या कामावर वरून टीका करणार अशी धास्ती त्यांना वाटू शकते. ती धास्ती दूर करणे हे आपले काम आहे, त्यांचे नव्हे. मी पहिल्या भेटीत त्यांच्या नोंदवह्या मागत नाही. कोणत्या शाळेत जायला त्यांना वेळच मिळत नाही, एवढे विचारते आणि तेथून सुरुवात करते. केंद्राची मासिक शिक्षण परिषद ही आपली बैठक समजावी. तिच्यात पाऊण तास मागून घ्यावा, पण त्यात भाषण करू नये, मुलांच्या वह्या पाहाव्यात.

वह्या वाचायला शिकवणे

सेवेचा गाभा येथे आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळते. शिक्षकांकडे अध्ययन अक्षमतेविषयी जी माहिती असते ती बहुतेक इंग्रजीतून आलेली असते, आणि इंग्रजी वाचनातली लक्षणे मराठीवर तशीच चिकटवल्याने घोटाळे होतात. ‘डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे’ ही समजूत त्यांतली सर्वांत चिवट. रोमन लिपीत ‘बी’ आणि ‘डी’ ही लहान अक्षरे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे आहेत, म्हणून तेथे ती चूक ठळक दिसते, आणि तीसुद्धा लहान वयात बहुतेक मुले करतात. देवनागरीत अशा जोड्या जवळपास नाहीत. आपल्याकडे घ-ध, भ-म, थ-य, ड-इ अशी गल्लत होते, आणि पहिली-दुसरीत ती कुणाचीही होऊ शकते.

मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलापुढचे ओझे आधी शिक्षकांपुढे मांडावे. मूळ अक्षरे, त्यांची बाराखडी, त्यावर जोडाक्षरे, अशी शेकडो चिन्हे त्याला ओळखायची असतात. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर ती आधी काढावी लागते. एकट्या ‘र’ची रूपे पाहा : सूर्यातला रफार, चक्रातला र, राष्ट्रातला र आणि दऱ्यांमधला र. रफार तर ज्या अक्षराच्या आधी उच्चारायचा त्याच अक्षराच्या डोक्यावर बसतो. त्यामुळे तिसरीपर्यंत जोडाक्षरे आणि रफार चुकणे हे अक्षमतेचे लक्षण मानू नये, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणे तर मुळीच मानू नये, कारण बोलताना आपण तो भेद सहसा पाळतच नाही.

त्यानंतर बोलीचा प्रश्न. आमच्याकडची कितीतरी मुले घरी ‘पानी’ म्हणतात आणि वहीत ‘पानी’च लिहितात. हे मूल ऐकलेला ध्वनी अचूक टिपते आहे. त्याचे ध्वनिभान शाबूत आहे, त्याला फक्त प्रमाणभाषेचे लेखन शिकायचे आहे. ‘तो घरी आहे’ हे वाक्य जे मूल ‘त्यो घरी हाय’ असे वाचते, त्याने वाक्य वाचले, समजले आणि आपल्या भाषेत सांगितले. त्याच्या नावापुढे चुकीची खूण करणे हा त्या मुलावर अन्याय आहे. याउलट ‘पाणी’ऐवजी ‘नापी’ किंवा ‘पा’ असे लिहिणारे, अक्षर गाळणारे, अक्षरांची अदलाबदल करणारे मूल वेगळ्या लक्ष देण्याच्या यादीत घ्यावे.

संख्यांमध्येही भाषा आडवी येते. ‘सव्वीस’मध्ये सहा आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, म्हणून मूल ६२ लिहिते, ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ते ३९ किंवा ३१ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीवरून. गणन-अक्षमतेची शंका घेण्यापूर्वी शिक्षकाने एक सोपी पडताळणी करावी. तीच संख्या ‘दोन दशक सहा एकक’ अशी सांगून लिहायला द्यावी, आणि मग २६ बिया मोजून मांडायला सांगावे. ही दोन्ही कामे जमली तर अडचण संख्यानामांची आहे, संख्येची नाही. पण २६ आणि ६२ यांत मोठा ढीग कोणता हेच चौथीतल्या मुलाला, पुरेसा सराव होऊनही, सांगता येत नसेल, तर पुढे चौकशी करावी.

मग खरी लक्षणे कोणती? मी शिक्षकांना पाच गोष्टी पाहायला सांगते. मुलाला गोष्ट ऐकवली तर ती ते नीट समजून सांगते, पण तीच गोष्ट वाचायला दिली तर अडते, ही तफावत पहिली आणि सर्वांत महत्त्वाची. दुसरी, पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देणे. तिसरी, निरर्थक शब्द वाचता न येणे : ‘मोकाटी’, ‘बिसोळ’ असे बनवलेले शब्द फळ्यावर लिहावेत, कारण ते पाठ असण्याची शक्यता नसते. चौथी, ध्वनींशी खेळता न येणे : ‘कमळमधला क काढला तर काय उरते?’ या प्रश्नावर बराच काळ गोंधळणे. पाचवी, अचूक वाचता येऊ लागले तरी वाचनाचा वेग न वाढणे. मराठीसारख्या बऱ्याचशा उच्चारानुसारी लिहिल्या जाणाऱ्या भाषांत मोठ्या मुलांची अडचण चुकांपेक्षा या संथपणातून अधिक दिसते, आणि म्हणूनच ती शिक्षकाच्या नजरेतून निसटते.

निसटणाऱ्यांत मुली अधिक असतात, असे मला आढळले. एका शाळेत चौथीतली एक शांत मुलगी सगळ्यांत चांगले वाचते असे बाईंनी सांगितले, आणि तिने पाठ्यपुस्तकातला धडा खरोखर घडाघडा म्हटला. मी त्याच शब्दांची वेगळी वाक्ये करून कागदावर लिहून दिली, तेव्हा ती पहिल्या ओळीतच थांबली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. तीन वर्षे तिने सगळे धडे कानाने पाठ केले होते. तेव्हापासून न पाहिलेला उतारा हा मी प्रत्येक पडताळणीचा अविभाज्य भाग केला आहे.

हजेरीपट आधी, शंका नंतर

आणखी एक प्रसंग सांगते, कारण त्यातली चूक माझी होती. सुरुवातीच्या वर्षांत माण तालुक्यातील एका वस्तीशाळेत मी चौथीतल्या एका मुलाचे वाचन ऐकले आणि त्याच दिवशी त्याचे नाव संशयितांच्या यादीत लिहून शिक्षकांकडे दिले. पुढच्या भेटीत हजेरीपट पाहिला, तेव्हा कळले की घरच्या मेंढरांमागे फिरताना दोन वर्षांत मिळून तो चार महिनेही शाळेत बसलेला नव्हता. त्याला कोणतीही अक्षमता नव्हती. त्याला कुणी शिकवलेलेच नव्हते. पुढे त्याच शिक्षकांनी त्याला नेटाने शिकवले आणि तो वाचू लागला, पण मधल्या काळात वर्गातल्या मुलांनी ‘डिस्लेक्सिया’ हे इंग्रजी नाव त्याला चिकटवून टाकले होते, आणि ते काढायला शिक्षकांना फार कष्ट पडले.

आमच्या भागात ही गोष्ट अपवादाची नाही. फलटण-माणकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात, आणि त्याच सुमारास बीडकडून ऊसतोड कामगारांची कुटुंबे कराड, कोरेगाव, वाळवा भागांतल्या कारखान्यांच्या परिसरात येतात. ही मुले वर्षाचा अर्धा भाग एका शाळेत आणि अर्धा दुसऱ्या शाळेत, किंवा कोणत्याही शाळेत नसतात. पुरेसे अध्यापन मिळूनही अडचण टिकून राहणे ही अध्ययन अक्षमतेची मूळ अट आहे. निदानाच्या प्रचलित निकषांतही योग्य मदत देऊन किमान सहा महिने लक्षणे टिकली पाहिजेत असे म्हटले आहे. म्हणून शिक्षकांसाठी क्रम ठरवून द्यावा : आधी दोन वर्षांचा हजेरीपट, मग डोळे आणि कान यांची तपासणी, मग घरची भाषा, आणि त्यानंतर वाचन-लेखनाचे नमुने. डोळे-कानांसाठी वेगळी धावपळ लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्याची तारीख आधी विचारून घेऊन शंका असलेल्या मुलांची यादी पथकातील डॉक्टरांच्या हाती द्यावी.

याचा अर्थ स्थलांतरित मुलाला अक्षमता असूच शकत नाही असा मात्र घेऊ नये. त्याला आधी मनापासून शिकवावे, आणि तरीही अडचण राहिली तर इतरांइतक्याच तत्परतेने त्याला पुढे पाठवावे.

साधने

शिक्षकांनी वापरायची साधने आता उपलब्ध आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘डाली’ या संचात मराठीतही पडताळणीची साधने आहेत. त्यांतील पहिली-दुसरीसाठीचे आणि तिसरी ते पाचवीसाठीचे ही दोन साधने शिक्षकांना वापरता येतात, तर सविस्तर मूल्यमापनाचा भाग मानसशास्त्रज्ञांसाठी आहे. एनसीईआरटीचे ‘प्रशस्त’ हे मोबाइल ॲप सर्व २१ दिव्यांगतांची प्राथमिक पडताळणी करते. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकाने आणि दुसरा विशेष शिक्षकाने भरायचा असतो. प्राध्यापकाने ही साधने स्वतः दहा-वीस मुलांबरोबर वापरल्याशिवाय प्रशिक्षणात दाखवू नयेत. पडताळणीत नाव येणे म्हणजे निदान नव्हे, हे प्रत्येक बैठकीत सांगावे लागते. मी अजूनही सांगते.

बारा आठवड्यांचे अध्यापन

शंका आलेल्या मुलांना थेट रुग्णालयात पाठवण्यापूर्वी बारा आठवडे रोज अर्धा तास, चार-पाच मुलांच्या गटात नेमके अध्यापन व्हावे अशी योजना मी करते. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. अक्षर पाहणे, उच्चारणे, बोटाने गिरवणे आणि ऐकणे एकत्र करण्याची जी बहुसंवेदी पद्धत परदेशी पुस्तकांतून आपल्याला शिकवली जाते, तिचे एक अंग आपल्या धूळपाटीत आधीपासून होते. बारीक वाळू पसरलेल्या ताटात बोटाने अक्षर काढताना त्याचा उच्चार मोठ्याने करायला लावणे, एवढे केले तरी प्रारंभ होतो. मात्र वाळूत गिरवणे हा उपाय नाही, तो एक भाग आहे, हे शिक्षकांना सांगावे. गाभा आहे तो ध्वनी आणि अक्षर यांच्या क्रमबद्ध शिकवण्याचा : आधी साधी अक्षरे, मग काना, मग वेलांट्या, एका वेळी एकच मात्रा, प्रत्येक पायरीवर वाचन आणि लेखन दोन्ही, आणि मागचे पक्के झाल्याखेरीज पुढचे नाही. संपूर्ण बाराखडी एका सुरात म्हणून घेणे या मुलांच्या उपयोगी पडत नाही, कारण ती तालावर पाठ होते आणि मधलाच ‘कू’ दाखवला तर पुन्हा ‘क’पासून म्हणावी लागते.

दर दोन आठवड्यांनी एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, ते मुलाच्या वहीत लिहावे. हा आलेख पुढे बालरोगतज्ज्ञांना आणि मानसशास्त्रज्ञांना कोणत्याही लांबलचक शिफारसपत्रापेक्षा अधिक सांगतो.

पालकांशी बोलणे आणि प्रमाणपत्राचा रस्ता

पालकांना शाळेत बोलावून कार्यालयात, चार शिक्षकांसमोर सांगू नये. शक्य असेल तर घरी जावे, आणि आधी ऐकावे. कोरेगावजवळच्या एका आईने मला सांगितले, “मॅडम, पोरगं आळशी न्हाई हो, शेतातलं समदं काम करतंय, पर पुस्तक धरलं की त्याच्या पोटात गोळा येतोय.” या एका वाक्यात निरीक्षण आहे, मुलाची बाजू आहे आणि आपल्याला हवी ती सुरुवातही आहे. ‘मतिमंद’ या शब्दाची भीती बहुतेक घरांत असते, म्हणून अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगावे. हे वाढत्या वयाबरोबर आपोआप जाईल किंवा अमुक महिन्यांत बरे होईल असे आश्वासन देऊ नये. योग्य शिकवल्यास मूल वाचायला शिकेल, मात्र त्याला इतरांहून अधिक वेळ आणि वेगळी पद्धत लागेल, एवढे सत्य पुरेसे आहे.

दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत क्रम दिला आहे : तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शाळेतील पडताळणी, मग बालरोगतज्ज्ञांची तपासणी, मग मानसशास्त्रज्ञांकडून बुद्ध्यांकाची आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी. प्रमाणपत्राचे फेरमूल्यमापन चौदाव्या आणि अठराव्या वर्षी करायचे होते. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या आहेत, तेव्हा पालकांना पाठवण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात चालू पद्धत आणि तपासणीचा वार विचारून घ्यावा, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला हात हलवत परत जावे लागणार नाही. आधार कार्ड, शाळेचे पत्र, वह्यांचे नमुने आणि बारा आठवड्यांचा आलेख असा एक संच शाळेनेच तयार करून द्यावा. त्याचा नमुना आपण करून द्यावा.

दहावीच्या सवलतींसाठी सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. अर्ज शाळेमार्फत जातो आणि तो परीक्षेच्या तोंडावर करून चालत नाही, म्हणून नववीच्या वर्षातच कागदपत्रे पुरी करायला सांगावीत. लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले, असे शाळा समजतात, ते बरोबर नाही. जन्मभर न लिहिलेले उत्तर एकदम दुसऱ्याला तोंडाने सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. सहामाहीपासून प्रत्येक चाचणीत त्याच जोडीला बसवून सराव द्यावा लागतो. लेखनिक सहसा खालच्या इयत्तेतला विद्यार्थी असतो, आणि प्रश्न कसा वाचून दाखवायचा, सांगितले तेवढेच कसे लिहायचे, हे त्यालाही शिकवावे लागते. यासाठी दोन तासांचे लहानसे प्रशिक्षण आपल्या महाविद्यालयात घेता येते.

आपल्या घरातले काम : बी.एड., विद्यापीठ, संशोधन

दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात समावेशक शाळेवरचा विषय आहे आणि विद्यार्थ्यांना किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात. या दोन गोष्टी जोडल्या तर प्राध्यापकाला मोठे मनुष्यबळ मिळते. प्रत्येक छात्राध्यापकाने आंतरवासितेत दोन मुलांच्या वह्यांचे चुकांनुसार विश्लेषण करावे आणि एका गटाला बारा आठवडे शिकवावे, अशी अट मी घालते. सेवेच्या नावाखाली नवख्या विद्यार्थ्यांना मुलांवर प्रयोग करायला सोडणे मात्र योग्य नाही. दर आठवड्याला त्यांच्या नोंदी वाचणे हे आपले कर्तव्य आहे.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर आपण असू, तर या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत ‘डिस्लेक्सियाची व्याख्या लिहा’ असा प्रश्न काढून टाकण्याचा आग्रह धरावा आणि त्याजागी एका मुलाच्या वहीतला खरा उतारा, नाव काढून, विश्लेषणासाठी द्यावा. प्रश्न बदलला की वर्षभराचे अध्यापन आपोआप बदलते, आणि पाठ्यक्रम दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.

शोधनिबंधांचे परीक्षण ही सेवा कुणाला दिसत नाही, पण तिचे परिणाम दूरवर जातात. ‘जर्नल ऑफ लर्निंग डिसॅबिलिटीज’सारखी नियतकालिके १९६० च्या दशकापासून या क्षेत्रात परीक्षणाची शिस्त सांभाळत आली आहेत, मराठीतील शैक्षणिक संशोधनात ती शिस्त आणणे आपल्या हाती आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत वार्षिक परीक्षेत कमी गुण मिळालेल्या मुलांनाच ‘अध्ययन अक्षम’ म्हटलेले असते, इंग्रजीतली चाचणी भाषांतर करून वापरलेली असते आणि मुलांची हजेरी कुठेच नोंदलेली नसते. अशा वेळी निबंध केवळ नाकारू नये. कोणते साधन वापरायला हवे होते, तुलनेसाठी दुसरा गट का हवा, बोलीचा विचार कुठे करायला हवा होता, हे एक-दीड पानात लिहून द्यावे. दोन तास जातात, पण त्या संशोधकाचा पुढचा निबंध सुधारतो, आणि कुणास ठाऊक, मराठी मुलांच्या वाचनाविषयी आपल्याला हवी असलेली एखादी गोष्ट त्यातूनच कळते.

नोंदी

मुलांच्या नोंदी कुलूपबंद ठेवाव्यात, यादीत नावाऐवजी क्रमांक वापरावेत, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर मुलाचे नाव, छायाचित्र किंवा वाचनाची ध्वनिफीत टाकू नये. गाव लहान असते, आणि तेथे एक संदेश पुढे जायला वेळ लागत नाही. पालकांची लेखी संमती मराठीत घ्यावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी.

तिसऱ्या वर्षी

तिसऱ्या वर्षाच्या जूनपासून आपण बोलणे कमी करत जावे. शिक्षण परिषदेत वह्यांचे विश्लेषण केंद्रातल्याच दोन शिक्षकांनी मांडावे, नव्या मुलांची पडताळणी विशेष शिक्षकांनी करावी, आणि आपण मागे बसून टिपणे घ्यावीत. जाण्यापूर्वी प्रत्येक शाळेत एक जाड वही ठेवावी. तिच्यात पडताळणीचा क्रम, न पाहिलेल्या उताऱ्यांचे पंधरा-वीस नमुने, निरर्थक शब्दांच्या याद्या, रुग्णालयाच्या तपासणीचा वार, सवलतीच्या अर्जाचा नमुना आणि विशेष शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक असावा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, आपण शिकवलेले शिक्षक दुसऱ्या तालुक्यात जातात आणि त्या जागी नवीन येतात. म्हणून वहीची शेवटची काही पाने कोरी ठेवावीत, आणि नव्याने आलेल्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात आपल्या वर्गातल्या एका मुलाविषयी तेथे लिहावे, असे मुख्याध्यापकांशी ठरवून घ्यावे.